पांढरी चवळी

गिल्दास मोर्वान फ्रान्समधल्या रेन शहरात शनिवारच्या बाजारात मासे विकायचा. ठेला मूळचा सासऱ्याचा. बायको गेली तरी त्यानं तो चालू ठेवला, कारण दुसरं काही येत नव्हतं आणि पहाटे उठायची सवय मोडत नव्हती. बायकोचं नाव सोलेन. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

गिऱ्हाइकं चांगली होती. त्याच्या ठेल्याशी आली की आवाज खाली घ्यायची, भावावरून हुज्जत घालायची नाहीत, जाताना "जपा हं" म्हणायची. शेजारचा चीजवाला पूर्वी दिवसभर त्याची टिंगल करायचा. तोही आता अदबीनं बोलायला लागला होता. गिल्दासला या अदबीचा कंटाळा आला होता, पण हे सांगणार कोणाला? सोलेनला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, "बर्फाजवळ राहून राहून तूच मेलेला कॉड झालायस." ती त्याला हेच म्हणायची, मेलेला कॉड. रागावली की, आणि लाडात आली की.

म्हणून एका शनिवारी रांगेतल्या एका बाईनं सगळ्यांदेखत त्याला झापलं, तेव्हा त्याला बरं वाटलं.

"हा बांगडा आजचा आहे?"

"आजचाच, मादाम."

"कोणाच्या आजचा? याचा डोळा बघा. मी दिवसभर लोकांचे डोळेच बघते. याला मोतीबिंदू झालाय."

रांगेत हशा पिकला. गिल्दासनं मासा उचलून पाहिला. डोळा खरंच पांढरट दिसत होता. मासा बाजूच्या बादलीत टाकून तो म्हणाला, "ऑपरेशनला उशीर झाला, मादाम. पेशंट गेला."

आता तीही हसली. उंच होती, काळी होती, गळ्यात पिवळा रुमाल होता आणि हसताना मान मागे टाकायची. गिल्दासनं त्या दिवशी तिला दुसरे दोन बांगडे दिले आणि मोड परत द्यायलाच विसरला. ती भांडून घेऊन गेली.

तिचं नाव आस्सितान दियारा. सरकारी इस्पितळात डोळ्यांची सर्जन. वडील आफ्रिकेतल्या माली देशाचे; रेनला कायदा शिकत असताना ही इथंच जन्मली, पुढे ते राजदूत झाले आणि पोरगी चार देशांतल्या शाळांत शिकली. आता ते नव्हते. आई होती, दर उन्हाळा लेकीकडे यायची आणि थंडी पडायच्या आत मालीत, बामाकोला परत जायची. हे सगळं गिल्दासला हळूहळू कळलं, कारण आस्सितान दर शनिवारी यायची आणि दर शनिवारी मालाला नावं ठेवत तोच घ्यायची. पुढे ती बाजार उठायच्या वेळेला यायला लागली. मग दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत एकाच बशीतली कालवं खाऊ लागले. तिच्या हाताकडे तो बघत राहायचा. त्याच हातांनी ती माणसांच्या बुबुळाला टाके घालते आणि कालव फोडताना मात्र दर वेळी बोट कापून घेते, याचं त्याला फार कौतुक वाटायचं.

त्यानं पेंपोलला राहणाऱ्या बहिणीला, मायवेनला, फोन करून सांगितलं.

"कुठली आहे?" मायवेननं विचारलं.

"रेनची."

"तसं नाही रे. मूळची?"

"मूळचीही रेनची. इथंच जन्मली."

बहिणीनं आवाज खाली घेतला. "काळी आहे?"

"हो."

"आणि डॉक्टर?"

"सर्जन. बाप राजदूत होता."

"अगंबाई!" मायवेन म्हणाली. "मग तुझ्यात काय बघितलं तिनं?"

गिल्दासही स्वतःला हेच विचारत होता. आणि आस्सितानच्या आईला, मादाम नियेले दियारांना, तर नेमका हाच प्रश्न पडला होता. फक्त त्यांनी तो कधी विचारला नाही. तीच तर खरी पंचाईत होती.

बागेसमोरच्या जुन्या दगडी इमारतीत आस्सितानचं घर होतं. गिल्दास पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा मादाम स्वतः दारात आल्या. ताठ बसण्याची सवय असलेली, निळ्या झग्यातली, सत्तरीपुढची बाई. "यावं, मोर्वान साहेब. केवढा त्रास घेतलात आपण!" त्यांनी त्याला उत्तम खुर्ची दिली, आल्याचं सरबत दिलं, त्याच्या धंद्याबद्दल विचारलं, उत्तर लक्ष देऊन ऐकलं. मग उठून त्याच्यामागची खिडकी उघडली आणि परत येऊन बसल्या.

दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळीही. सरबत, चौकशी, खिडकी. गिल्दास येण्याआधी दोनदा साबणानं अंग घासायचा, लिंबू चोळायचा. तरी मादाम उठायच्या, खिडकी उघडायच्या, आणि चेहऱ्यावर रेषाही हलू न देता म्हणायच्या, "आज हवा किती छान आहे."

"तिला मी आवडत नाही," गिल्दास जिन्यात म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"फार चांगलं वागते माझ्याशी."

आस्सितान थांबली. "कळलं म्हणजे तुला," ती म्हणाली. "हे बघ, गिल्दास. चव्वेचाळीस वर्षांची आहे मी, मला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण बाबा गेल्यापासून आईला मीच आहे. तिला तोडून मी लग्न करणार नाही. आणि तुला सोडून राहणारही नाही. ऑक्टोबर लागला की ती बामाकोला जाईल, तिकडच्या मावश्या तिचे कान भरतील, मग ती 'हो' म्हणायची नाही. जे व्हायचं ते त्याच्या आत."

"मी काय करू?"

"तू काही करू नकोस," ती घाईनं म्हणाली. "मी बघते."

तिनं जे करायचं ते केलं, पण त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी गिल्दास एक मोठा चपटा तुर्बो मासा आणि आपलं पातेलं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होता. मासा आपल्या हातानं करून घालायचा, असं त्यानं ठरवलं होतं. मादाम चर्चमधून आल्या होत्या आणि दिवाणखान्यात बसल्या होत्या. आस्सितान पाव आणायला खाली गेली होती. गिल्दासनं मासा मंद आचेवर ठेवला, लोणी वितळवलं, तेवढ्यात बाहेरची बेल वाजली, मादामनी दार उघडलं, आणि एक फाटका आवाज घरभर घुमला.

"अगं ए चवळीखाऊ! अजून जिवंत आहेस? मला वाटलं, पोट फुगून मेली असशील!"

गिल्दासच्या हातातला चमचा थांबला.

"माझा गुलाम होता तुझा नवरा, आणि तू गुलामाची बायको! एवढ्या मोठ्या घरात राहायला लाज नाही वाटत? हो बाजूला, मालकाला बसू दे! घरात चोरीचं काय काय आणून ठेवलंय बघू. हा गालिचा माझ्या आजोबांचा दिसतोय!"

मादामचा आवाज आला नाही. गिल्दासला वाटलं, बिचारीची वाचा बसली. त्याचं डोकं तापलं. या बाईनं त्याला कधी आपलं म्हटलं नव्हतं, पण ती आस्सितानची आई होती, आणि कोणीतरी तिच्याच घरात तिला गुलाम म्हणत होतं. तो एप्रनसकट बाहेर धावला. मळकट कोट घातलेला एक वाळका म्हातारा मादामसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. गळ्यात मोजपट्टी लोंबत होती, हातात कागदाची पुडी होती.

"बाहेर!" गिल्दास ओरडला.

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. "तू कोण?"

"मी कोण ते सोड. या घरात बाईशी असं बोलायचं नाही. चल, नीघ!" आणि मासळीच्या पेट्या उचलणाऱ्या हातांनी त्यानं म्हाताऱ्याला अलगद उचलून जिन्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं. पुडी मात्र आतच पडली.

तो धापा टाकत मागे वळला. मादामचं तोंड अर्धवट उघडं होतं, कोणीतरी गाणं सुरू करणार तेवढ्यात दिवे जावेत तसं. त्यांनी ते मिटलं. पुडी उचलली, उघडून पाहिली. आत कोला फळाच्या लालसर बिया होत्या.

"मोर्वान साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "ते बाकारी त्राओरे होते. हा कोला घेऊन ते आपल्यासाठी माझ्या मुलीला मागणी घालायला आले होते. आपली वरात आपण स्वतःच दाराबाहेर काढलीत."

आस्सितान पाव घेऊन आली ती जिन्यात म्हाताऱ्याला भेटूनच. तिनं गिल्दासकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जेवण झालं. तुर्बो उत्तम झाला होता, असं मादाम दोनदा म्हणाल्या. जाताना त्यांनी धुतलेलं पातेलं त्याच्या हातात ठेवलं. "आपलं भांडं. राहायला नको." आणि वर ती पुडी ठेवली. "हे त्यांचं त्यांना पोचतं करावं."

पातेलं परत आलं तेव्हाच गिल्दास समजला, आता इथं बोलावणं नाही.

बाकारी त्राओरे शिंपी होता. स्टेशनमागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. सोमवारी गिल्दास पुडी घेऊन तिथं गेला. म्हातारा एका कोटाची बाही उसवत बसला होता.

"या साहेब," तो म्हणाला. "बसा."

गिल्दासला वाटलं, यापेक्षा यानं कात्री फेकून मारली असती तर बरं. "मी माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला असं का बोलत होता तेही अजून कळलं नाही."

"आस्सिताननं सांगितलं नाही?"

"ती कालपासून माझ्याशी बोलत नाही."

त्राओरेनं सुई उशीला टोचली. "मी त्राओरे, ती दियारा. मालीत त्राओरे आणि दियारा ही घराणी थट्टेनं एकमेकांना शिव्या घालतात. माझा बाप तिच्या सासऱ्याला घालायचा, माझा आजा त्या सासऱ्याच्या बापाला. मी शिंपी आहे, ती राजदुताची बायको. दुसरा कोणी शिंपी तिच्यासमोर बसणारसुद्धा नाही. पण मी तिला चवळीखाऊ म्हणणार आणि तिनं मला चोर म्हणायचं. रागवायचं नाही. आणि मी काही मागायला गेलो, तर तिला पाहिजे तेवढ्या शिव्या घालता येतात, पण नाही म्हणता येत नाही."

"म्हणजे ती हो म्हणणार होती?"

"तोंड उघडलं होतं तिनं! अरे, उत्तर ओठावर आलं होतं. चांगलंच सणसणीत असणार, मला तिचा चेहरा ठाऊक आहे. आणि तू मला उचललंस! सत्तर वर्षांत कोणी उचललं नव्हतं."

गिल्दासनं डोकं धरलं. "आमच्याकडे घेवडा खातो म्हटलं तर कोणी शिवी समजत नाही," तो कसनुसा म्हणाला. "पण गुलाम म्हणालात ना..."

"तुमच्याकडे घेवडा खातात?"

"मी पेंपोलचा. बाप घेवडाच पिकवायचा. पांढरा घेवडा, साऱ्या देशात जातो. ऑगस्ट लागला की आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ तेच. शेंगा सोलून सोलून माझी बोटं अशी झालीत."

त्राओरेनं चष्मा काढला. "बाप शेंगा पिकवायचा."

"हो."

"आणि तू त्या खाऊन वाढलास."

"हो, का?"

म्हातारा हसायला लागला. हसता हसता टेबलावर डोकं टेकलं, बाही खाली पडली, शेजारचा घड्याळवाला काय झालं म्हणून डोकावून गेला. "अरे देवा," डोळे पुसत तो म्हणाला, "अख्ख्या फ्रान्सात तिच्या पोरीनं नेमका चवळीखाऊ शोधून काढला!"

मग तो गंभीर झाला. "ज्या दारातून मला उचलून काढलं, तिथं त्याच कामाला मी परत जाणार नाही. पण माझ्या घरचा माणूस जाऊ शकतो. आमच्यात परक्याला नाव देतात. आजपासून तू त्राओरे. उद्या ही पुडी घेऊन जा आणि तिला शिव्या घाल. तिनं यातला कोला फोडून तुला दिला, की मागणी मान्य."

"मी? मला नाही जमणार."

"बायकोशी कधी भांडला नाहीस?"

"भांडायची ती. मी ऐकायचो."

"काय म्हणायची?"

चार वर्षांत हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. "मेलेला कॉड."

त्राओरेनं मान डोलावली. "म्हणजे ती आमच्यातलीच," तो म्हणाला. "ऊठ. तिचं ऐकत होतास ना इतकी वर्षं? मग शिकला असशील काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मायवेननं रातोरात पाठवलेली शेंगांची पेटी खांद्यावर घेऊन गिल्दास जिना चढला. मनात वाक्यं घोकत होता. त्यानं आज मुद्दाम अंगाला लिंबू चोळलं नव्हतं. मासळीच्या पेट्या धुऊन तसाच सरळ आला होता.

मादामनी दार उघडलं. "यावं, मोर्वान साहेब. केवढा त्रास..."

आणि त्या सवयीनं खिडकीकडे वळल्या. कडीला त्यांचा हात लागला. गिल्दास घोकलेलं सगळं विसरला.

"मोर्वान नाही," तो म्हणाला. आवाज चिरकला. "त्राओरे."

मादामचा हात कडीवरच राहिला.

"गिल्दास त्राओरे. तुझा मालक." हे म्हणताना त्याचे कान लाल झाले. "घरातली चवळी संपली असं ऐकलं. उपाशी गुलाम कामाचा नसतो, म्हणून पेटी घेऊन आलोय."

त्यानं पेटी जेवणाच्या टेबलावर आपटली. चार शेंगा उडून गालिच्यावर पडल्या. मादाम खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या. खालून एका सायकलची घंटी ऐकू आली. गिल्दासला वाटलं, झालं. आता पेटी उचलायची, आस्सितानला फोन करायचा, आणि सांगायचं, की तुझ्या आईला मी गुलाम म्हणालो.

मादाम वळल्या. सावकाश टेबलाशी आल्या. एक शेंग उचलली, नखानं फोडली, आतला दाणा तळहातावर घेतला आणि खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"ही चवळी?"

"आमच्याकडची."

"आजारी आहे का ही? एवढी पांढरी?"

गिल्दासनं पेटीवर हात ठेवला. त्याला अजून खात्री वाटत नव्हती.

"चवळीला काळा डोळा असतो. हिला डोळाच नाही. माझ्या मुलीनं ऑपरेशन करून काढला की काय?" त्यांचा आवाज चढत चालला होता. "बाकारीनं पाठवलं तुला? त्या चोराला दुसरा माणूस मिळाला नाही? पांढरा त्राओरे! आजवर काळे चोर बघितले होते, आता हेही बघायचं राहिलं होतं! आणि मालक म्हणे! तुझ्या बापानं हेच खाल्लं, त्याच्या बापानं हेच खाल्लं, सात पिढ्या हेच खाऊन पोटं फुगली तुमची, आणि तू मला चवळी शिकवतोस? बस खाली!"

गिल्दास बसला.

"नुसता बसतोस काय? सोल!"

तो शेंगा सोलायला लागला. मादामही समोर बसल्या, पदरासारखा रुमाल कमरेला खोचून. त्यांची बोटं त्याच्याइतकीच भराभर चालत होती. ते पाहून त्यानं मान वर केली.

"काय बघतोस? राजदुताच्या घरात जन्मले नव्हते मी," त्या म्हणाल्या.

"माझे यजमान गेले," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तेव्हा किती मोठमोठे लोक आले. मंत्री आले, राजदूत आले. सगळे हळू आवाजात बोलले. मी सगळ्यांचे आभार मानले. डोळ्यांत पाणी नाही. मग जिन्यातून हा बाकारी ओरडत आला, 'दियारा, चोरा, माझी बकरी परत न करताच पळालास! ऊठ आधी!' यांच्या शवपेटीपाशी बसून त्यानं यांच्याशी हुज्जत घातली. तेव्हा मी रडले. पहिल्यांदा."

गिल्दासच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याला सोलेनच्या अंत्यविधीचे ते सगळे खालच्या आवाजातले लोक आठवले. तिथं कोणीतरी येऊन त्याला मेलेला कॉड म्हणायला हवं होतं.

"माझ्याकडे कोणी आलं नाही ओरडायला," तो म्हणाला.

मादामनी त्याच्याकडे पाहिलं. प्रथमच, खुर्ची-सरबत मध्ये न घेता. मग त्यांनी हात पुढे केला. "ती पुडी आण इकडे. की तीही चोरलीस?"

त्यानं पुडी दिली. त्यांनी एक कोला घेतला, दोन भाग केले, एक त्याच्यापुढे ठेवला. तो कडू होता. गिल्दासनं तो चावला आणि चेहरा वाकडा न करण्याचा खूप प्रयत्न केला. ते बघून मादाम हसल्या, मान मागे टाकून. लेकीचं हसू कुठून आलं ते त्याला तेव्हा कळलं.

दारात किल्ली फिरली. आस्सितान आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. टेबलावर फोलपटांचा ढीग होता, आई रुमाल खोचून शेंगा सोलत होती, समोर गिल्दास लाल तोंडानं काहीतरी चावत होता. तिची नजर कोलाच्या उरलेल्या बियांवर गेली आणि हातातली पिशवी गळून पडली.

"काय चाललंय इथं?"

"काय चालायचं?" मादाम म्हणाल्या. "तुझा हा गुलाम आलाय. त्याला सांग, जेवायच्या आधी हात धू म्हणावं. बोंबलासारखा वास मारतोय मेला."

आस्सितान आईकडे बघत राहिली, मग गिल्दासकडे. त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि ती खिडकी लाव गं," मादाम शेंगेतून मान वर न करता म्हणाल्या. "गार वारा येतोय."